फेरफाराची नोटीस

आमच्या हिंगोली जिल्ह्यात ‘फेरफार’ हा शब्द कानावर पडला की माणूस जागच्या जागी थांबतो. सातबाऱ्यावर नाव चढायचे असो की उतरायचे, आधी फेरफाराची नोंद होते, चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना सूचना जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. चार इयत्ता शिकलेला शेतकरीसुद्धा ती नोटीस शेजाऱ्याकडून दोनदा वाचून घेतो. गट नंबर कोणता, खरेदी की वारसा, हे कळल्याशिवाय अंगठा उठवत नाही. तोच शेतकरी, त्याचा शिकलेला मुलगा आणि त्या मुलाला शिकवणारा माझ्यासारखा मास्तर संगणकापुढे बसला की मात्र पडद्यावरची नोटीस न वाचताच ‘होय’ दाबून मोकळा होतो. मीही झालो होतो.

गोष्ट २००५ सालची. वसमतच्या घरी पहिला संगणक आला होता. विंडोज एक्सपी, टेलिफोनच्या तारेवरचे खरखरणारे इंटरनेट आणि पुतण्याने बसवून दिलेली एक फुकटातली फायरवॉल. त्या काळी अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी निजामाच्या राजवटीतल्या आठवणी सांगत आणि मी त्या टाइप करी. रझाकारांची दहशत, १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस, त्यानंतरचे गाव. शंभरेक पाने झाली होती.

फायरवॉल मात्र सारखी हटकायची. ‘हा प्रोग्राम पूर्वीपेक्षा बदलला आहे, इंटरनेटवर जाऊ द्यायचे का?’ खाली एखादे अगम्य नाव. सुरुवातीला मी घाबरून ‘नाही’ म्हणे, तर इंटरनेटच बंद पडे. मग कंटाळून ‘होय’ म्हणू लागलो आणि बोटाला तीच सवय लागली. एकदा मुलांनी कुठूनशी खेळाची सीडी आणली. त्यानंतर पुन्हा नोटीस आली. मी पुन्हा ‘होय’. आठ दिवसांत संगणक सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने विषाणू शिरल्याचे सांगितले आणि सगळे पुसून विंडोज नव्याने बसवले. अण्णांच्या पानांची दुसरी प्रत मी ठेवलीच नव्हती.

अण्णा एवढेच म्हणाले, “जाऊ दे, पुन्हा सांगतो.” पुढच्या वर्षी ते गेले. दुसऱ्यांदा सांगणे निम्म्यावरच राहिले.

मग मी हे प्रकरण समजून घेतले. त्या जातीच्या फायरवॉल प्रत्येक प्रोग्रामचा जणू अंगठ्याचा ठसा घेऊन ठेवत. फाइलीतल्या मजकुरावर गणित करून एक आकडा काढायचा. फाइलीत एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी आकडा वेगळा येतो. आकडा जुळला नाही की नोटीस. यातली मेख अशी, की फाइल बदलली एवढेच फायरवॉलला कळते. ती कोणी बदलली, हे कळत नाही. विंडोजच्या कंपनीने दुरुस्ती पाठवली तरी ठसा बदलतो आणि विषाणूने घर केले तरी बदलतो. वारसाची नोंद आणि बनावट खरेदीखत, दोन्हींची नोटीस दिसायला सारखीच!

म्हणून चावडीवरचेच प्रश्न इथे विचारायचे. पहिला, नाव कोणते? दुसरा, आजच का? मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या पाठवते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणजे बुधवारी नोटीस दिसली तर तिला कारण असू शकते. विंडोजच्या ‘अपडेट’च्या नोंदीत ते पडताळता येते. कसलीही दुरुस्ती आलेली नसताना फाइल बदलली, तर मात्र हरकत घ्यावी. तिसरा, पत्ता कुठला? ‘एसव्हीसीहोस्ट’ या फाइलीचे घर ‘सिस्टिम ३२’ या कप्प्यात. तीच फाइल डाउनलोडच्या कप्प्यात सापडली, तर तो तोतया समजावा. शंका उरली तर विंडोजमध्ये ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा आहे. ती मूळ फाइलींशी पडताळून बिघडलेल्या फाइली दुरुस्त करते. तोवर ‘नाही’ म्हणून इंटरनेटची तार काढून ठेवली, तर फारसे काही बिघडत नाही.

कोणी म्हणेल, मग बदलच नको, दुरुस्त्या बंद करून टाकू. ते तर आणखी वाईट. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते सापडले. उलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. म्हणजे आंधळा नकार चालत नाही आणि आंधळा होकारही चालत नाही.

दोष एकट्या वाचणाऱ्याचा नाही. नोटीस लिहिणाऱ्याने ती समजेल अशी लिहावी, हे त्याचे कर्तव्य आहे. ‘काल रात्री आलेल्या दुरुस्तीमुळे ही फाइल बदलली,’ असे एक मराठी वाक्य असते, तर माझे बोट थबकले असते. दिवसातून दहा वेळा विनाकारण हटकणारा राखणदार अकराव्या वेळी खऱ्या चोराला ओरडला, तरी घरातले कूस बदलून झोपतात.

आता संगणकापेक्षा मोबाइल हाती जास्त असतो. लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल येते. अनोळखी ठिकाणचे अॅप बसवायचे का, असे फोन विचारतो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पण त्याआधी ती दोन ओळींची नोटीस वाचावी आणि घरातल्या मोलाच्या कागदांची, फोटोंची एक प्रत वेगळी ठेवावी.

माझ्या कपाटात अण्णांच्या दुसऱ्या सांगण्याची कागदावर छापलेली चाळीस पाने आहेत. नातवंडे विचारतात, “पुढे काय झालं, आजोबा?” पुढचे मला अर्धवटच आठवते.