क्षयापेक्षा लपवाछपवी घातक

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला, सायंकाळी चढणारा बारीक ताप, घटणारे वजन, ही लक्षणे दिसताच थुंकीची तपासणी करून घ्यावी, हे अजूनही घरोघर सांगावे लागते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. हा रोग पूर्वजन्मीचे पाप नव्हे, कुळाचा दोषही नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झाले. फुफ्फुसाचा क्षय रुग्णाच्या खोकल्यातून हवेत पसरतो, ताटवाटीतून नव्हे. तरीही मुलीचे लग्न मोडेल या भयाने सुशिक्षित कुटुंबेही तो दडवितात. बरे वाटू लागताच औषध थांबते आणि अर्धवट उपचारांना जंतू पुरून उरतो. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. शासन औषधे मोफत देते.

२०२५ पर्यंत क्षयमुक्तीचा राष्ट्रीय संकल्प होता. तो पुरा झालेला नाही. केवळ शासनाने तो होणारही नाही. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाच्या पोषणाचा भार कोणालाही उचलता येतो. सेवावस्तीतील कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. समरसतेची भाषा बोलणाऱ्या घरात रुग्णाचा पेला वेगळा ठेवला जाऊ नये.