ताप अंगावर काढू नका, आजच तपासणी करून घ्या



मे २०२१ उजाडला आणि कोरोनाची दुसरी लाट वाड्या-वस्त्यांवर पोचली आहे. तालुक्याच्या रुग्णालयात आमच्याकडे येणारे कितीतरी रुग्ण आजाराच्या सहाव्या-सातव्या दिवशी येतात. आधीचे दिवस ‘उन्हाचा ताप आहे’, ‘टायफॉइड निघालाय’ असं म्हणत सलाईन लावण्यात गेलेले असतात. ऑक्सिजन ऐंशीच्या घरात उतरला की मग गाडी केली जाते. तोवर आमच्या हाती फार थोडं उरलेलं असतं.

म्हणून कळकळीची विनंती आहे. ताप, खोकला, घसादुखी, जुलाब, अंगदुखी, वास जाणं, यातलं काहीही झालं तर तो कोरोनाच आहे असं धरून चाला. त्याच दिवशी घरात वेगळे राहा, मास्क लावा आणि सरकारी केंद्रात मोफत तपासणी करून घ्या. अँटिजेन निगेटिव्ह आली, पण त्रास कायम असला तर आरटीपीसीआर कराच.

लोक काय म्हणतील, वाळीत टाकतील, या भीतीने ताप लपवला जातो हे आम्ही रोज पाहतो. ‘दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही’ असंही बोललं जातं. खरी गोष्ट अशी, की वेळेत तपासणी केलेले बहुतेक रुग्ण घरीच बरे होतात. जीव धोक्यात येतो तो मुख्यतः उशिरामुळे.

हा आजार फसवा आहे. फुप्फुसं बिघडत असतात आणि माणूस जेवतो, बोलतो, फोनवर ‘बरा आहे’ म्हणून सांगतो. त्यामुळे घरी असलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने दिवसातून तीन-चार वेळा मोजा. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको. हात टेकवून शांत बसा, आकडा स्थिर होऊ द्या, मग लिहून ठेवा. त्यानंतर घरातच सहा मिनिटं चाला आणि पुन्हा मोजा. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी पुरे; दम्याच्या रुग्णांनी आणि आधीच धाप लागत असलेल्यांनी ही चाचणी करू नये. आकडा ९४ च्या खाली गेला, चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला, धाप लागली, छातीत दुखलं, रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा ताप तीन दिवसांत हटला नाही, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला पालथं झोपवा. गरोदर बाईला मात्र कुशीवर.

शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून औषधं घेऊ नका. स्टेरॉइड योग्य वेळी जीव वाचवतं, पण पहिल्या दिवसांत, ऑक्सिजन चांगला असताना घेतलं तर नुकसान करतं. रेमडेसिव्हिर ही संजीवनी नव्हे. त्यासाठी दागिने मोडून काळ्या बाजारात जाऊ नका.

पैशाअभावी कुणी थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० पासून राज्यातल्या सर्व नागरिकांना खुली आहे. कोविडच्या ठरावीक उपचारांसाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

लग्नाला २५ माणसं आणि दोन तास ही मर्यादा तुमच्याच घरच्या म्हाताऱ्यांसाठी आहे, ती पाळा. पंचेचाळीशीच्या पुढच्यांनी लस चुकवू नये.

सरपंच, पोलीस पाटील आणि तरुण मंडळांना सांगणं आहे : रुग्णाच्या घरी किराणा, दूध, औषधं पोचवा, त्यांच्या गुरांचं चारापाणी बघा. गाव पाठीशी आहे हे कळलं की लोक ताप लपवणार नाहीत. दारी येणाऱ्या आशाताईंना खरं सांगा.

आज तुमच्या घरात कुणी तापाने पडलं असेल, तर पुढचं काम राहू द्या. आधी त्यांचा ऑक्सिजन मोजा आणि तपासणीला घेऊन निघा.