मूळ नोंद जपून ठेवा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे पुरावा म्हणून मांडली जातात. कोणी त्यांवरून द्रावणाचा रंग मोजतो, तर कोणी ताऱ्याची तेजस्विता. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र ही चित्रे बहुधा जेपेग प्रकारची असतात, आणि मोजमापाच्या कामी जेपेग हा भरवशाचा साक्षीदार नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे का? कॅमेऱ्यातील संवेदकाला मुळात रंग कळत नाही. प्रकाश किती पडला एवढेच कळते. म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी बसवतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले. 'रॉ' फाईल म्हणजे या बिंदूंनी नोंदवलेले आकडे, जवळजवळ जसेच्या तसे. प्रकाश दुप्पट झाला, की काळ्या पातळीचा आकडा वजा केल्यावर नोंदही सुमारे दुप्पट होते. १४ बिटांच्या नोंदीत प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात.

जेपेग बनवताना कॅमेरा प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो, डोळ्यांना बरे दिसेल अशा रीतीने उजळपणा बदलतो आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच ठेवतो. मग चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून, डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतो. या युक्तीमागील गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. युक्ती मोठी नामी आहे! तिच्यामुळेच फाईल लहान होते. सहलीच्या छायाचित्रांना जेपेगच सोयीचे. पण तेथे दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट प्रकाश नव्हे.

जेपेग फाईल पुढे पीएनजी प्रकारात साठवली, तर आणखी हानी टळते इतकेच. गेलेले परत येत नाही. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत.

रॉ फाईल जागा फार व्यापते, कंपनीगणिक तिचा प्रकार बदलतो, ही तक्रार खरी आहे. परंतु २००४ पासून डीएनजी हा खुला प्रकार उपलब्ध आहे, रॉ उघडणारी मोफत सॉफ्टवेअरही आहेत, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत दोन्ही फाईली एकदम साठवता येतात.

विद्यार्थी मित्रांनो, स्वतःच पडताळून पाहा. स्थिर उजेडातील पांढऱ्या कागदाची दोन चित्रे घ्या. दुसऱ्या वेळी फक्त प्रकाश घेण्याचा काळ दुप्पट करा. कागद पांढराफटक पडू देऊ नका. मग दोन्ही प्रकारच्या फाईलींतील आकडे ताडून पाहा.

प्रयोगवहीतील मूळ आकडा खोडू नये, असे शिक्षक नेहमी सांगतात. कॅमेऱ्याच्या नोंदीलाही तोच नियम लावावा. प्रकल्पासोबत मूळ रॉ फाईल मागण्याची प्रथा शाळांनी अवश्य सुरू करावी.