उपाशी घोड्याला पाटीभर हरभरा घालू नका



लगीनसराई संपली की रस्त्याकडेला मोकळी सोडलेली घोडी दिसायला लागतात. काम नाही तर खुराक नाही, असा सरळ हिशेब. वरातीत नटून नाचलेलं जनावर पावसाळ्यात बरगड्या मोजाव्यात इतकं खंगतं. मग एखादा कनवाळू शेतकरी त्याला घरी आणतो, दावणीला बांधतो आणि पुढ्यात पाटीभर भिजवलेला हरभरा ठेवतो, वर गूळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घोडं बसतं ते उठत नाही. लोक म्हणतात, उशीरच झाला होता. मला वाटतं, बऱ्याचदा उशीर नाही, घाई नडते.

आपल्याला सवय बैलाची. बैलाला चार कप्प्यांचं पोट, निवांत रवंथ. घोड्याचं पोट एकच आणि लहान. त्याला ओकताही येत नाही. एकदम दाणा पडला की पोटशूळ उठतो. त्यातून महिनोन्महिने उपाशी घोडं अंगातली चरबी आणि मांस जाळून जगत असतं. अचानक दाणा-गूळ मिळाला की रक्तात साखर चढते, ती पेशींत ओढली जाते आणि तिच्यासोबत फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियमही रक्तातून निघून जातं. मग हृदय बंद पडतं. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांवर वेगवेगळा चारा देऊन पाहिला. सगळ्यात चांगला ठरला वाळलेला लसूणघास, म्हणजे आपल्याकडे बांधाला होणारीच वैरण. मोठ्या घोड्याला सुरुवातीचे ३ दिवस साधारण अर्धा किलो, दर ४ तासांनी, रात्रीसुद्धा. आपलं तट्टू लहान, त्याला त्याहून कमी. पुढे दहाव्या दिवसापर्यंत हळूहळू वाढवायचं. पाणी कायम समोर. दाणा, पेंड, गूळ अजिबात नाही. साधारण दोन आठवड्यांनी पोटभर चारा. अंग भरायला मात्र ३ ते ५ महिने लागतात, कधी जास्तच.

खाऊनही अंग धरत नसेल तर दात बघून घ्या. घोड्याचे दात घासतात तसे वाढतही राहतात, कडा धारदार होऊन गाल कापतात. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. वाढलेले खूर एकाच दिवशी छाटून टाकू नका. जाणत्या नालबंदाकडून टप्प्याटप्प्याने सरळ करून घ्या, पुढे दर ६ ते ८ आठवड्यांनी. नवीन घोडं आपल्या जनावरांपासून लांब बांधा. नाकातून घट्ट शेंबूड किंवा कातडीवर गाठी दिसल्या तर हात लावण्याआधी पशुवैद्यकाला कळवा, ग्लँडर्स माणसालाही होतो. सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२.

आता कायद्याचं बघा. जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एवढ्यात एक नालसुद्धा ठोकून होत नाही! हा दंड वाढलाच पाहिजे. पण नुसत्या दंडानेही भागणार नाही. घोडेवाल्याची कमाई चार महिन्यांची आणि घोड्याचं पोट बारा महिन्यांचं. वरातीला घोडं सांगताना घासाघीस करणारे आपणही त्यात आलोच.

म्हणून माझं स्पष्ट मत : पहिले १० दिवस रात्री उठून मुठीने घास घालायची आणि पुढचे ५-६ महिने पदरचे पैसे घालायची तयारी असेल तरच घोडं दावणीला आणा. नसेल तर सावलीला बांधा, पाणी ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. तेवढ्यानेही त्याचा जीव वाचू शकतो.