25 घोडे, दोन खोकी

चौथा गिअर / वंगणदास

पुण्यातल्या एका गॅरेजने अबार्थ पुंटोच्या मालकाला दिलेलं कोटेशन या आठवड्यात स्तंभाकडे आलं. पान एकच, ओळी तीन. पहिली ‘मोठा टर्बो’, दुसरी ‘ट्यूनिंग’, तिसरी ‘ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, आवाजासह’. इंजेक्टरचा उल्लेख नाही, क्लचचा नाही, ब्रेकचा तर नाहीच. खाली टीप: फरक जाणवला नाही तर बोला. फरक जाणवणार यात शंका नाही. कुठे जाणवणार, एवढंच बघायचं.

त्या फुस्स आवाजाबद्दल स्तंभाचं मत नियमित वाचकांना पाठ आहे, पुनरुक्ती नको. एवढंच, की टायरच्या आधी फुसफुसणारा व्हॉल्व्ह घेणारा माणूस वळणावर ब्रेकही उशिरा दाबतो. याला कुठल्याही पाहणीचा आधार नाही. रविवारी सकाळी ताम्हिणी घाटात उभं राहावं, आधार समोरून जाताना दिसतो.

मालकाचा प्रश्न मात्र रास्त आहे. मूळचा टर्बो ठेवून नुसता ईसीयू रिमॅप करावा, की सगळे सांगतात तसा मोठा टर्बो, गॅरेट 1446, बसवावा? यावर गल्लोगल्ली ट्यूनर आपापली मतं देत आहेत. गंमत अशी, की खुद्द अबार्थने याचं उत्तर पंधराहून जास्त वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. तेही एकदा नाही, दोनदा, आणि लाकडी खोक्यात भरून. (खोकी म्हटल्यावर महाराष्ट्राला भलतंच आठवतं. यांत खरोखर सुटे भाग होते.)

खोक्याची परंपरा जुनी. कार्लो अबार्थने 1949 मध्ये कंपनी काढली आणि छोट्या फियाट गाड्यांना अंगापेक्षा मोठा आवाज मिळवून देणारे ट्यूनिंग किट लाकडी पेट्यांमधून विकले. 1971 मध्ये फियाटने कंपनी घेतली, तिचं बोधचिन्ह असलेला विंचू बॉनेटवर राहिला. पुढे 2007-08 मध्ये ब्रँडचं पुनरुज्जीवन झालं, तेव्हा फियाटने पेटीही परत आणली. किटचं नाव ‘एस्सेएस्से’.

आता दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करू. पहिली अबार्थ 500: 1368 सीसीचं टी-जेट इंजिन, 135 अश्वशक्ती. दुसरी अबार्थ ग्रांदे पुंटो: तेच टी-जेट, पण 155 अश्वशक्ती. दोन्हींत जपानच्या आयएचआय कंपनीचे छोटे टर्बो. किट बसवल्यावर पहिली 135 वरून 160 वर गेली, दुसरी 155 वरून 180 वर. म्हणजे दोन्ही खोक्यांत घोडे सारखेच, 25.

पण 500 च्या खोक्यात टर्बो नव्हता. होता नवा ईसीयू प्रोग्रॅम, बीएमसीचा एअर फिल्टर, खाली बसणाऱ्या स्प्रिंग, भोकं पाडलेल्या ब्रेक डिस्क आणि 17 इंची चाकं. मूळचा आयएचआय जागचा हललाही नाही. पुंटोच्या खोक्यात मात्र गॅरेट 1446 निघाला, आणि एकटा निघाला नाही. त्याच्यासोबत वेगळे इंजेक्टर, फिल्टर, स्प्रिंग, डिस्क, 18 इंची चाकं, सगळा गोतावळा. कारखान्याच्या दृष्टीने आयएचआयची मजल साधारण 160 पर्यंत होती. त्याच्या आत असाल तर टर्बोला हात लावू नका, त्यापुढे जायचं असेल तर टर्बो बदला आणि त्याच्यासोबत निम्मी गाडीही.

हाती काय लागलं? 500 चा शून्य ते 100 चा वेळ 7.9 सेकंदांवरून 7.4 वर आला. पुंटोचा 8.2 वरून 7.5 वर. टर्बो न बदलता अर्धा सेकंद, बदलून पाऊण सेकंदाला किंचित कमी. पुंटो जड आहे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तरीही टर्बो, इंजेक्टर आणि ते बसवण्याची मजुरी या सगळ्याच्या बदल्यात मिळालेला जादा फायदा 0.2 सेकंदाचा आहे, आणि हा हिशेब त्या कोटेशनवाल्याने गिऱ्हाइकाला ऐकवलेला नाही.

रांजणगावात बनलेली आपली अबार्थ पुंटो 2015 मध्ये दहा लाखांच्या जरा आत आली, 145 अश्वशक्ती आणि 212 न्यूटन मीटर टॉर्क घेऊन. इंजिन तेच 1368 सीसीचं. अंगाने ती पुंटो असली तरी काही बाबतींत 500 च्या जास्त जवळची, आणि ही जवळीक गिअरबॉक्समध्ये सगळ्यांत ठळक दिसते. युरोपातल्या ग्रांदे पुंटोला सहा गिअर होते. इथल्या अबार्थला पाच, 500 सारखेच.

हा पाच-सहा गिअरचा फरक किरकोळ वाटतो, पण अबार्थ 595 कॉम्पेतित्सिओनेकडे पाहा. तिलाही पुढे तोच गॅरेट 1446 मिळाला, तीच 180 अश्वशक्ती. पण पाच गिअरच्या या गाडीत टॉर्क 250 न्यूटन मीटरवर थांबला, सहा गिअरच्या पुंटोत तो 270 च्या आसपास होता. एकच टर्बो, एकच इंजिन, एकसारखी अश्वशक्ती, आणि 20 न्यूटन मीटर गायब. कंपनीने याचं कारण जाहिरातीत छापलं नाही. स्तंभाच्या मते ते गिअरबॉक्सच्या दातांवर छापलेलं आहे. आपल्याकडचा ट्यूनर मात्र सगळ्यांत मोठा आकडा टॉर्कचाच सांगतो, कारण टेस्ट ड्राइव्हमध्ये सीटला पाठ चिकटवतो तो टॉर्क. क्लच घसरायला लागेपर्यंत गिऱ्हाईकही खूश असतं.

टर्बो निवडायचा तो हवेच्या वजनावरून, हा साधा नियम या सगळ्या गोंधळात हरवतो. दर 10 अश्वशक्तीमागे इंजिनाला मिनिटाला साधारण 450 ग्रॅम हवा लागते. म्हणजे 145 ला साडेसहा किलो, 180 ला आठ किलोंच्या वर. छोट्या टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतं. त्याच्याकडून ऐपतीपेक्षा जास्त हवा मागितली, की ते हवा दाबण्याऐवजी तापवू लागतं. तापलेली हवा विरळ, शिवाय तिने इंजिन ठोकू लागतं. मग ईसीयू इग्निशन मागे ओढतो आणि मोठ्या बूस्टची कमाई तिथेच वाया जाते. मोठा टर्बो हीच हवा आरामात देतो, पण जड चाक फिरवायला त्याला जास्त एक्झॉस्ट लागतो, म्हणजे जास्त आरपीएम. सिंहगड रोडच्या सिग्नलला दुसऱ्या गिअरमध्ये 1800 वर पाय दाबला तर छोटा टर्बो उठतो, मोठा जांभई देतो.

त्यात पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर. हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. बूस्ट गेजवर दोन्हीकडे 1 बारच दिसतो, पण तोच 1 बार उभा करायला पुण्यातल्या टर्बोला जास्त पळावं लागतं. वर एप्रिलमधलं 40 अंश तापमान आणि वर्षानुवर्षं 91 ऑक्टेनवर चाललेलं साधं पेट्रोल, युरोपच्या पंपावर मात्र 95 सहज मिळतं. तिकडचा डायनोचा कागद दाखवून इकडे तेवढेच घोडे कबूल करणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा त्याचं गॅरेज असतं. पहिला खर्च इंटरकूलरवर करा, हे इथे मागेही लिहिलं होतं. तेव्हा आलेल्या पत्रांचा सूर ‘इंटरकूलर दिसत नाही हो बाहेरून’ असा होता.

मोठा टर्बो म्हणजे मूर्खपणाच, असं कुणी समजू नये. फोक्सवॅगनच्या सातव्या गोल्फचं उदाहरण चोख आहे. जीटीआयमध्ये आयएचआयचा आयएस20, 220 अश्वशक्ती. थोरल्या गोल्फ आरमध्ये आयएस38, 300 अश्वशक्ती. इंजिन एकाच ईए888 घराण्यातलं. जीटीआयवर आरचा टर्बो चढवणारे जगभर आहेत, आणि त्यांचा सौदा समंजस आहे, कारण तो टर्बो त्याच घराण्यातल्या इंजिनावर कारखान्यानेच चालवून दाखवलाय. काही शे आरपीएम उशिरा जागा होतो, ही त्याची किंमत. फियाटच्या मालकाकडेही असा कारखान्याने तपासलेला रस्ता आहे, फक्त तो सहा गिअरच्या गाडीवरून जातो किंवा 250 न्यूटन मीटरला थांबतो.

तेव्हा पत्र पाठवणाऱ्या मालकाला स्तंभाचा सल्ला: इंटरकूलर, नवा क्लच, बरे टायर, ब्रेक, मग रिमॅप. 160 वर थांबा. तेवढ्यातही समाधान झालं नाही तर गॅरेट घ्या, पण इंजेक्टरसकट घ्या आणि टॉर्कला 250 चा लगाम घालून घ्या. ट्यूनर तयार होत नसेल तर गॅरेज बदला.

कायद्याचंही ऐकून घ्या, कोटेशनवाले ते सांगत नाहीत. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इटलीतलं खोकं अधिकृत विक्रेत्याकडे बसवलं जायचं. ते इथे आलं नाही, आणि आता फियाटचा बिल्लाच इथल्या शोरूममधून गेलाय.

राहिला हायब्रिड टर्बो. बाहेरून मूळचा आयएचआय, आत मोठं चाक, म्हणून तो आरटीओच्या नजरेतही भरत नाही, असं कानात सांगून विकला जातो. चांगला बनवलेला हायब्रिड उत्तम चीज आहे. वाईट बनवलेला दोन लाख फेऱ्यांवर किंचित डुगडुगतो आणि बेअरिंग खातो. विकणाऱ्याकडे दोनच गोष्टी मागा: पूर्ण वेगावर बॅलन्स केल्याचा छापील आलेख, आणि तेलाचा फीड पाइप नवा. जुन्या पाइपात जळलेल्या तेलाची काजळी साचलेली असते, आणि नव्या टर्बोचा घास बहुतेक वेळा तीच घेते. आलेख मागितल्यावर विक्रेते काय काय उत्तरं देतात, ती वाचकांनी जरूर पाठवावीत. गॅरेजचं नाव खोडून.

– वंगणदास