खर्जाला पुढे येऊ द्या

लहानपणी वरातीत आम्हां पोरांचे लक्ष क्लॅरिनेट-ट्रम्पेटकडे असे. मागे पितळेचे धूड अंगावर घेऊन गाल फुगवणारा वादक म्हणजे हसण्याचा विषय! ते हसणे किती उथळ होते, हे मला एका अमेरिकन वाद्यमेळाने शिकवले.

न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर जॅझ वाढला, तेव्हा त्याला खर्जाचा आधार ट्यूबानेच दिला. पुढे डबल बास आला आणि ट्यूबा अडगळीत पडला. १९७०च्या दशकात रिच मॅटसन आणि हार्वे फिलिप्स यांनी तीन ट्यूबा व तीन युफोनियम एकत्र आणले. पियानो, ड्रम्सची साथ होती. पण ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही. मॅटसनचा युफोनियम ऐकताना द्रुत लयीतली तानच आठवते.

काहींना हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. मला वाटत नाही. अवजड वाद्य मंदच असणार, हा आपला समज. त्यात वाद्याचा काय दोष? त्याला कधी संधीच दिली नाही, इतकेच.

तेव्हा घरच्या लग्नात बॅण्डमास्तरांना एक विनंती जरूर करा : एखादे कडवे मागच्या युफोनियमवाल्याला एकट्याने वाजवू द्या. आणि तेवढा वेळ नाच थांबवून ऐका.