नाव कुठं राहील जी?

देवरी तालुक्यातल्या एका शाखेत मी शाखाधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारा यायचा, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेले पासबुक काउंटरवर ठेवायचा आणि नोंद करून मागायचा. पैसे कधी काढत नसे. खाते त्याच्या मुलाचे होते. मुलगा पोलीस शिपाई. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. मृताचे खाते बंद करून रक्कम वारसाला द्यायची हा बँकेचा नियम, आणि वारस म्हणून बापाचेच नाव लावलेले होते. मी अर्ज पुढे केला, अंगठा कुठे उठवायचा तेही दाखवले. म्हातारा म्हणाला, "साहेब, पैशाची घाई नाही. पण खाता बंद केला तर पोराचं नाव कुठं राहील जी?"

मी खाते बंद केले. नोकरीत तसे करावेच लागते. पासबुकावर शिक्का मारून ते मात्र त्याला परत दिले, एवढीच माझी दयाबुद्धी. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, पण त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायला हवे होते, ते अजून शोधतो आहे.

सरकारी उत्तर तयार आहे आणि ते खोटे नाही. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याने घातलेल्या छाप्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले. तेव्हापासून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे गोंदियाजवळ कारंजा येथील पोलीस मुख्यालयातही त्या सकाळी मानवंदना असते. वर्षभरात देशात कामी आलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात, हवेत फैरी झडतात, पुष्पचक्रे वाहिली जातात. नावे वाचण्याची ही पद्धत मला फार आवडते. आसामच्या हवालदाराचे नाव धानाच्या मुलखात मोठ्याने उच्चारले जाते, ही साधी गोष्ट नव्हे. पण सोहळा आटोपला की स्तंभ कुंपणाच्या आत राहतो आणि आपण बाहेर. पोलिसांचे स्मारक पोलिसांनीच पाहावे, असा हा हिशोब होतो. ज्यांच्यासाठी तो माणूस रस्त्यावर उभा होता, त्यांना त्या दाराशी जायचे काही कारण नसते.

आपल्या पूर्वजांना हे अधिक चांगले कळत होते. महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ आढळतात. देवळाच्या बाजूला, वेशीजवळ, कुठे झाडाखाली पडलेले कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती तो शिवलिंगापुढे बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कित्येक दगडांवर लढाईच्या चौकटीत गाईंचा कळप कोरलेला असतो. गावचे गोधन पळवणाऱ्यांशी झुंजताना पडलेला तो माणूस राजा नव्हता, सरदारही नव्हता. अशा बहुतेक दगडांवर नाव नाही. पण तो कशासाठी मेला, हे अक्षरओळख नसलेल्या गुराख्यालाही दिसते: त्या गाई त्याच्यासमोर असतात. आज लोक त्याच दगडांना शेंदूर फासून देव मानतात. इतिहासकार हळहळतात, पण मला त्यात फारसे वाईट वाटत नाही. दगड वाटेवर आहे म्हणूनच कोणाचा तरी हात त्याला लागतो.

मुंबईत गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे, त्याचे मोल मला याच कारणाने वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत हाती लागला. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे गाव. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचे नाव दिले. पण मला महत्त्वाचे वाटते ते असे की पुतळा घटनेच्या जागी आहे. भेळ खाऊन परतणारे कुटुंब तिथून जाते, पोरगे विचारते हे कोण, आणि बापाला सांगावेच लागते.

दिल्लीचे राष्ट्रीय पोलीस स्मारक २१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुले झाले. ओडिशाचे शिल्पकार अद्वैत गडनायक यांनी घडवलेली तीस फूट उंचीची, २३८ टनांची काळ्या ग्रॅनाइटची शिळा तिथे उभी आहे आणि भिंतीवर चौतीस हजारांहून अधिक नावे आहेत. भव्य आहे, गरजेचेही आहे. पण देवरीच्या म्हाताऱ्याने आपल्या पोराचे नाव बघायला चाणक्यपुरीला जायचे का?

आपल्या दाराशी काय घडले ते आठवा. २००९ हे एकच वर्ष घ्या: गडचिरोलीत फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस मारले गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७. मग १ मे २०१९. महाराष्ट्र दिन, म्हणजे गोंदिया जिल्ह्याचाही वाढदिवस. भंडाऱ्यातून आपण १९९९ साली याच तारखेला वेगळे झालो. त्या दिवशी आपल्या सीमेला लागून असलेल्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंग फुटला. शीघ्र कृती दलाचे १५ जवान गेले, त्यांत शेजारच्या भंडारा जिल्ह्यातली पोरेही होती. आणि गेला त्यांच्या खासगी गाडीचा चालक. त्याच्या अंगावर वर्दी नव्हती. तिथे कधी दगड उभारला तर त्यावर सोळा नावे हवीत, पंधरा नव्हेत.

याच जंगलात दुसरीही स्मारके होती. नक्षलवाद्यांनी आपल्या मेलेल्या साथीदारांसाठी लाल रंगाची स्मारके बांधायची आणि पोलिसांनी ती पाडायची, हा खेळ गडचिरोलीत वर्षानुवर्षे चालला. दोन्ही बाजूंना एक गोष्ट पक्की कळली होती: वाटेवरच्या दगडाला ताकद असते. मध्ये सापडलेल्या आदिवासी माणसाचा दगड मात्र कोणी रोवला नाही. खबऱ्या म्हणून ज्याला मारले, त्याच्या घरच्यांनी तर नाव घ्यायचीही चोरी.

आता ते युद्ध ओसरते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. नोव्हेंबरात आपल्या गोंदियात ११ जणांनी आत्मसमर्पण केले. आनंद आहेच. पण भीती संपली की आठवणही पातळ होते. त्याआधी ठरवायला हवे. माझी मागणी थोडी आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग देवरीतून जातो. तिथे बसस्थानकापाशी, लोक गाडीची वाट पाहत थांबतात अशा जागी एक दगड असावा. त्यावर रायफल रोखलेला साचेबंद जवान नको. नावे हवीत, गावे हवीत, आणि माणूस कशासाठी कुठे गेला ते दोन ओळींत मराठीत आणि गोंडीतही. दगड घडवायला मोठा शिल्पकार मिळाला तर उत्तमच, नाहीतर आपल्याकडचा पाथरवटही चालेल.

तो म्हातारा माझी वाट पाहत बसला नाही. बदली होऊन गेल्यावर काही वर्षांनी मी त्या गावावरून जात होतो. फाट्यावर, त्याच्या बांधीच्या कडेला, सिमेंटचा अर्धपुतळा दिसला. रंग ताजा होता. मिळालेल्या पैशातून केला म्हणाला. गणपती करणाऱ्या मूर्तिकाराकडून घडवून घेतला होता. टोपी खाकी, डोळे मोठे आणि ओठांवर झुपकेदार मिशी.

"पोराला मिशी नव्हती जी," म्हातारा म्हणाला. "त्याच्याजवळ साचा तोच होता. म्हणे, पोलीस म्हटला की मिशी पाहिजे."

खाली नाव मात्र बरोबर होते. पासबुकात होते तसेच, बापाच्या नावासकट. चौथऱ्यावर शाळेची दोन पोरे दप्तर घेऊन बसची वाट पाहत बसली होती. म्हाताऱ्याने त्यांना उठवले नाही.